लाल दोरा आणि पाच वाजताचा हुंकार

मी, खाली जिच्या डाव्या हाताचा अंगठा उमटलेला आहे ती, वय वर्षे एकोणऐंशी, धंदा पूर्वी हवाईछत्र्यांच्या घड्या घालणे व नंतर संसार, आज अक्कलहुशारीने व राजीखुशीने हे मृत्युपत्र सांगून लिहवून ठेवत आहे. माझी शुद्ध जागेवर आहे. डॉक्टरीणबाईंनी तसा कागद दिला आहे. माझे काळीज थकले आहे, असाही एक कागद त्यांनी दिला आहे. तो मला नको होता, पण दोन्ही एकाच पाकिटात आले. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. माझ्यावर दडपण आणील असा माणूस या घरात अजून जन्माला यायचा आहे.

मला लिहितावाचता येत नाही. हा कागद माझी नात, म्हणजे मुलाची मुलगी, लिहीत आहे. ती वकिलीच्या शेवटच्या वर्षाला आहे, तेव्हा 'सबब', 'उपरोक्त' वगैरे शब्द दिसले तर ते तिचे, बाकीचे माझे. मी बोलेन ते सगळे लिहायचे असे ठरले आहे. ती म्हणते, आजी, यातले निम्मे कायद्यात बसत नाही. बसत नसेल तर उभे राहू दे.

माझे यजमान, लढाईच्या काळातले वैमानिक, वय चौऱ्याऐंशी, यांना या कागदात यापुढे 'हे' म्हटले आहे. अठ्ठावन्न वर्षे मी त्यांना हेच म्हणत आले. कायद्याला आज कळले.

कलम पहिले. राहते घर, दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागची गॅलरी व जिना, माझ्या नावावर आहे. हे सांगतात की त्यांनी ते प्रेमापोटी माझ्या नावावर केले. खरे असे की सह्यांच्या रांगेत उभे राहायचा ह्यांना कंटाळा आला आणि अंगठ्याची रांग लहान होती. मी गेल्यावर हे असेतो घरात हेच राहतील. त्यांच्यानंतर घर कोणाचे ते कलम सहामध्ये आहे. मुलाने लगेच पान उलटू नये. क्रमाने वाचावे.

कलम दुसरे. बँकेत काय आहे ते बँकेला माहीत आणि मुलाला माहीत. मुलाला थोडे जास्त माहीत. ते ह्यांच्या औषधपाण्याला लागावे. उरले तर मुलाने घ्यावे, न उरले तर तोंड वाकडे करू नये.

कलम तिसरे. शिवणाचे मशीन सुनेला. तिने ते आजवर तीनदा नेले आणि दोनदा परत आणले. तिसऱ्यांदा मीच जाऊन आणले. आता कायमचे नेऊ दे, म्हणजे माझी खेप वाचेल. तेल घालावे. मोठी कात्री आणि अंगुस्तान नातीला. तिला साधा टाका घालता येत नाही, पण वकिलीतही बोटाला टोचतेच. शिशाचे छर्रे भरलेल्या चार कापडी पिशव्या आहेत. घडी घालताना रेशीम सरकू नये म्हणून त्यावर ठेवायच्या त्या. दोन दारांना लावल्या आहेत, एक ह्यांच्या वर्तमानपत्रावर असते, आणि चौथी हरवली आहे, ती सुनेकडे आहे.

कलम चौथे. या पिशव्या कुठल्या ते सांगितल्याशिवाय पुढची कलमे कळायची नाहीत, म्हणून इथे थोडे मागे जाते.

लढाई लागली तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. धावपट्टीच्या टोकाला एक उंच छताची खोली होती, तिला सगळे छत्रीघर म्हणत. वैमानिकांच्या हवाईछत्र्या तिथे वर टांगून वाळवायच्या आणि लांबलचक टेबलावर पसरून त्यांच्या घड्या घालायच्या. एका छत्रीला चोवीस पट्टे, चोवीस दोऱ्या. पट्ट्यावर पट्टा पाकळीसारखा बसला पाहिजे, एकही दोरी पिळली जाता कामा नये. मला चोवीसपर्यंत मोजता येत होते, आणि घडीला त्याच्या पुढचा आकडा लागत नाही.

घडी पिशवीत बसली की पिशवीच्या कडीला, म्हणजे जी ओढली की छत्री उघडते तिला, एक कच्चा दोरा बांधायचा, बोटाने ओढला तर तुटेल असा. तो दोरा म्हणजे मोहोर. दोरा साबूत तर घडीला कोणी हात लावलेला नाही. दोरा तुटला की छत्री परत, पुन्हा पहिल्यापासून घडी. सोबत एक कार्ड असे, त्यावर घडी घालणारीची सही. मला सही येत नव्हती. मुकादमीण म्हणाली, तुझी सही मी करते. मी म्हटले, कार्डावर खुशाल करा, पण घडी माझी आहे तर खूणही माझीच हवी. बाकीच्या बायका पांढरा दोरा बांधत. मी लाल बांधू लागले.

हे वैमानिक त्या छत्रीच्या पिशवीवरच बसून विमान चालवत. म्हणजे संसाराच्या आधीपासून हे माझ्या कामावर बसून आहेत.

कलम पाचवे. ह्यांच्या लढाईच्या आठवणी ही या घरातली सर्वांत मोठी जंगम मालमत्ता. हे त्या रोज संध्याकाळी पाच वाजता, चहाबरोबर, गॅलरीत बसून सांगतात. हे मालक, पण राखण मी केली आहे, सबब वाटणी मी करते.

ढगाची गोष्ट मुलाला. हे ढगातून बाहेर आले तर शेजारी शत्रूची विमाने चाललेली. त्यांना वाटले हा आपलाच. ह्यांनी हात हलवला, त्यांनीही हलवला, आणि हे हळूच वळून घरी आले. मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा विमाने तीन होती. मुलगा झाला तेव्हा पाच झाली. गेल्या आठवड्यात अकरा होती आणि त्यातल्या एकाने टोपी काढली. एवढी विमाने त्या ढगात मावत नाहीत. मुलाने ती पाचावर आणून ठेवावी. तोही ऑफिसात आपल्या साहेबाला आठवड्याला एकदा गप्प करून येतो, तेव्हा त्याला हे काम जड जाईल, पण प्रयत्न करावा.

बुटाची गोष्ट सुनेला. भोंगा झाला, डावा बूट सापडेना, हे एकाच बुटावर उडाले, आणि वरच्या गारठ्याने डाव्या पायाची करंगळी गेली. पाहुण्यांना हे ती गोळीने गेली म्हणून सांगतात. गोळी नव्हती. बूट खाटेखाली होता. सुनेला ही गोष्ट देण्याचे कारण, कलम तिसरे, चौथी पिशवी.

कोबीची गोष्ट नातीला. हे वाट चुकून एका बाईच्या कोबीच्या शेतात उतरले. बाईने आधी तुडवलेले सगळे गड्डे ह्यांच्याकडून गोळा करवले आणि मग वाट सांगितली. हे परत आले ते मांडीवर कोबी घेऊन. ह्यांच्या सगळ्या गोष्टींत ही एकच मी कधी दुरुस्त केली नाही, कारण तो कोबी छत्रीघरात शिजला होता आणि मी खाल्ला होता.

परतीची गोष्ट कोणालाही देत नाही. ती कलम सहा आणि सातमध्ये येते.

कलम सहावे. आता घर.

ह्यांना हल्ली विसरायला होते. चष्मा विसरले तर मी देते. पण गोष्ट सांगतासांगता मध्येच थांबतात, आणि तेव्हा ह्यांच्या चेहऱ्यावर जे येते ते मला बघवत नाही. अशा वेळी हुंकार लागतो. हुंकार म्हणजे नुसते 'हं' नव्हे. परतीच्या गोष्टीत 'मग तेल कुठे उडालं?' असे मी विचारते, की हे म्हणतात, "काचेवर, सगळी काच काळी." 'मग खालून काय सांगितलं?' की हे म्हणतात, "उडी मार म्हणाले." असे करत करत हे धावपट्टीवर येऊन टेकतात. मग चहा संपतो.

मुलगा म्हणतो, बाबा तेच तेच सांगतात. मी म्हणते, तू तेच तेच जेवतोस.

मला मरणाचे भय नाही. भय एकच आहे. मी नसेन आणि पाच वाजतील. हे सुरुवात करतील, मध्यावर अडकतील, आणि खालून कोणी बोलणार नाही. इंजिन बंद, काच काळी, आणि माणूस वरच्या वर.

सबब, उपरोक्त घर त्याला मिळावे, जो ह्यांना ह्यांच्या शेवटच्या दिवसापर्यंत पाच वाजताचा हुंकार देईल. अटी: घड्याळाकडे बघायचे नाही. 'हे कालच सांगितलंत' म्हणायचे नाही. विमाने मोजायची नाहीत. ती नंतर मोजावीत. मुलाने ही अट ऐकून सांगितले की संध्याकाळी त्याला मिटिंग असते. सून म्हणाली, मी आठवड्यातून दोनदा येईन. नातीने पेन खाली ठेवले आणि विचारले, "आजी, तेलानंतर काय विचारायचं?" तेव्हा घर नातीला.

कलम सातवे. हे कलम भांडणाचे आहे. एकच आहे, पण जुने आहे.

ह्यांनी छत्रीघराच्या नोंदवहीत माझा अंगठा पहिल्यांदा पाहिला तेव्हा सोबतच्या वैमानिकाला म्हणाले, "हिला अक्षर ओळखत नाही, आणि हिच्या घडीवर आपण उडी मारायची?" मी तेव्हा टेबलाखाली सांडलेले शिसे गोळा करत होते. टेबलाखालून फार स्वच्छ ऐकू येते.

पुढे दोन महिन्यांत ह्यांनी चार वेळा माझी छत्री परत आणली. चारही वेळा दोरा तुटलेला. "पुन्हा घाला. माझ्यासमोर घाला." आणि पाऊण तास माझ्या हातांवर नजर लावून उभे. मी समजले, घडी तपासतायत. चौथ्या वेळी माझा पारा चढला. मी म्हटले, "साहेब, एक लक्षात ठेवा. दोरा तुटला म्हणजे छत्री मेली. तसल्या छत्रीने उडी मारण्यापेक्षा विमानात बसून राहा." हे म्हणाले, "बरं."

त्यानंतर आठवड्याने परतीची गोष्ट घडली. इंजिनाला गोळ्या लागल्या, तेल उडाले, खालून सांगितले की उडी मार, आणि ह्यांनी मारली नाही. बंद इंजिनाने विमान धावपट्टीपर्यंत आणले, पोटावर आदळले, कुंपणात घुसले. भुवया जळल्या. पदक मिळाले. पदकाच्या कागदात लिहिले आहे, असे नात वाचते, की जिवाची पर्वा न करता यंत्र वाचवले. वाचवलेले यंत्र पुढच्या महिन्यात भंगारात गेले.

हे पाच वाजता हेच सांगतात, की यंत्र वाचवायचे होते. मी तिथे कधी हुंकार दिला नाही. मला कारण माहीत होते. माझ्या घडीवर ह्यांचा भरवसा नव्हता. त्यापेक्षा ह्यांना जळते विमान बरे वाटले.

मग लग्न का केलंस, असे नात विचारते. अगं, माणसावरचा राग आणि माणूस ही दोन वेगळी गाठोडी असतात. एक उचलायला दुसरे टाकावे लागत नाही. लग्नानंतर ह्यांनी मला अक्षरे शिकवायची खटपट केली. मी शिकले नाही. ज्या अक्षरांवाचून माझी घडी खोटी ठरली, ती अक्षरे मला घरात नको होती.

ती छत्री माझ्याकडे आहे. हे आदळल्यानंतर ती काखेत घेऊन छत्रीघरात आले होते आणि टेबलावर ठेवून म्हणाले होते, "परत आणली." दोरा आदळण्यात तुटला होता, पण आत घडी तशीच होती. लढाई संपल्यावर जुन्या छत्र्या बायकांना कापडासाठी वाटल्या. बाकीच्यांनी झबली शिवली. मी हीच मागून घेतली आणि तशीच ट्रंकेत ठेवली.

सबब, मी गेल्यावर पंधरा दिवसांच्या आत, भर दुपारी, मोकळ्या मैदानात, ह्यांना खुर्चीवर बसवून ह्यांच्या डोळ्यांदेखत त्या छत्रीची कडी ओढावी. छत्री उघडली तर ह्यांनी सर्वांसमोर 'घडी बरोबर होती' असे म्हणावे. नाही उघडली तर मी तिथे नसेनच, तेव्हा काय बोलायचे ते बोला.

इथे कागद संपायचा होता. पण ज्याला वाचता येत नाही त्याला मृत्युपत्र सगळे मोठ्याने वाचून दाखवावे लागते, असे नात म्हणाली. मलाही हल्ली कमी ऐकू येते, म्हणून ती चांगली खणखणीत वाचते. इंजिनांच्या घरघरीने ह्यांचे कान अर्धे गेले आहेत आणि उरलेले अर्धे सोयीने चालतात. आज सोय होती. कलम सात वाचून होते तोच हे काठी टेकत स्वयंपाकघराच्या दारात आले. पुढचे जसे झाले तसे लिहायला मी नातीला सांगितले आहे.

हे म्हणाले, "ते खोडा."

मी म्हटले, "काय खोडू?"

"भरवसा नव्हता, ते."

"मग उडी का नाही मारलीत?"

अठ्ठावन्न वर्षे गिळलेला हुंकार तोंडातून निसटला तो असा. हे खुर्ची ओढून बसले.

"दोरा तुटलेला होता."

"तो आदळल्यावर तुटला."

"सकाळीच तुटला होता. मी तोडला."

मी नातीकडे पाहिले. ती लिहायची थांबली होती. मी म्हटले, लिही.

"तुम्ही? कशाला?"

"तुझ्याकडे यायला निमित्त लागायचं. आधीचे चारही मीच तोडले. दुपारी पाचवा घेऊन येणार होतो. भोंगा आधी झाला, तशीच घेऊन बसलो."

"आणि ते टेबलापाशी काय बोलला होतात? अक्षर ओळखत नाही, ते?"

"ते पहिल्या दिवशी. तुझे हात पाहिले नव्हते तेव्हा. गाढव होतो."

"अहो, पण दोरा तुटला म्हणून छत्री उघडायची राहते का? तो नुसती खूण असतो. उघडली असती ती."

"मला काय माहीत? तू म्हणालीस, दोरा तुटला म्हणजे छत्री मेली. विमानात बसून राहा म्हणालीस." मग म्हणाले, "बसून राहिलो."

मी ते रागाच्या भरात म्हटले होते. गिऱ्हाइकाला दरडावायला शिंपी म्हणतो तसे. आणि हा माणूस त्या एका वाक्यावर भरवसा ठेवून काळ्या काचेमागे बसून राहिला. मला आधी घाम फुटला. मग हसू फुटले. नात म्हणते, दोन्ही लिहायला नको. लिही.

मी विचारले, इतकी वर्षे का नाही सांगितलेत? हे म्हणाले, मोहोर तोडणे गुन्हा होता, पदक काढून घेतले असते. आणि पुढे म्हणाले, तू कधी विचारलंच नाहीस, बरोब्बर तिथेच गप्प बसायचीस.

सबब पुढील दुरुस्त्या.

दुरुस्ती, कलम सात. भांडण रद्द. मैदान रद्द. छत्री उघडू नये. मी आज तिला नवा लाल दोरा बांधला आहे. सुईत दोरा नातीने ओवला, चौथ्या खेपेला. गाठ माझी आहे. अक्षरे शिकायची का, असे हे पुन्हा म्हणाले. मृत्युपत्र लिहून झाल्यावर अक्षरे शिकून मी काय वाचू?

दुरुस्ती, पदक. ते अर्धे माझे. माझ्या माहितीत होणाऱ्या बायकोचे ऐकल्याबद्दल मिळालेले हे एकच पदक आहे. पेटीत न ठेवता मशीनच्या वर टांगावे, म्हणजे सुनेला तेल घालायची आठवण राहील.

दुरुस्ती, कलम सहा. परतीची गोष्ट आता नातीला, आणि तिने 'खालून काय सांगितलं?' याच्यापुढे एक हुंकार वाढवायचा: 'मग उडी का नाही मारलीत?' तो चुकवू नये. एखाद्या संध्याकाळी हे ते उत्तर विसरतील. त्या दिवशी नातीने हा कागद काढून वाचून दाखवावा, खणखणीत. बाकी काही विसरले तरी हे त्यांना आठवले पाहिजे. घर त्यासाठी दिले आहे. दोरे चारदा तोडले, आणि त्या सकाळी पाचव्यांदा. महिन्याभरात पाचाचे पंधरा होतील. होऊ द्यावेत. ही एकच गोष्ट वाढलेली मला चालेल.

शेवटचे कलम. हा कागद घडी घालून, त्याला लाल कच्चा दोरा बांधून ट्रंकेत छत्रीवर ठेवला आहे. पुढे कोणाला दोरा तुटलेला सापडला तर मृत्युपत्र मेले असे समजू नये. दोरा नुसती खूण असतो. कोणी उगाच विमानात बसून राहू नये.

येणेप्रमाणे सर्व मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला, तो मी म्हटला तसाच आहे, फक्त 'उपरोक्त' जास्त झाले आहेत. म्हणून अंगठा करते, आणि अंगठ्याशेजारी कागदात एक लाल टाका घालते.

सांगणारीचा अंगठा: (डावा) व टाका: (लाल)

लिहिणारी: नात. सही.

साक्षीदार पहिल्या: डॉक्टरीणबाई. सही. काळीज आजही तपासले. जरा जोरात चालले होते, पण कारण समजले.

साक्षीदार दुसरे: खालच्या मजल्यावरचे घड्याळजी. सही. त्यांना पाच वाजता वर बोलावले होते, ते पाचच्या ठोक्याला आले.

ठिकाण: राहते घर, स्वयंपाकघरातले टेबल.

दिनांक: एकोणीस, गुरुवार, लग्नाचे अठ्ठावन्नावे वर्ष.

(घरात हे राहणार, सबब साक्षीदार म्हणून ह्यांची सही नको, असे नातीने समजावून सांगितले. तरी ह्यांनी पेन मागून घेतले आणि सगळ्यांच्या खाली एवढेच लिहिले. काय लिहिले ते मला नातीने वाचून दाखवले.)

हं.